भाद्रपदात बाळ झालंय, नाव काय ठेवू? मराठी महिन्यांवरून नाव शोधायची रीत

श्रावणात मुलगी झाली की श्रावणी, चैत्रात झाली की चैत्राली, कार्तिकात मुलगा झाला की कार्तिक, इथपर्यंत सगळ्यांनाच येतं, त्यासाठी कुणी सल्ला मागत नाही. घोळ होतो तो भाद्रपद, पौष, ज्येष्ठ असल्या महिन्यांत बाळ आलं की. मग फॅमिली ग्रुपवर मेसेज पडतो, "पौषातल्या मुलासाठी छान, छोटं, मॉडर्न, युनिक आणि अर्थपूर्ण नाव सुचवा" आणि त्याखाली सगळे हार्ट टाकून गायब. आमच्या नात्यात असा फोन शेवटी माझ्याकडे येतो कारण मी बऱ्याच भाचरांची आत्या आहे, पाळण्यात वाकून कानात कुर्रर्र करायचा मान आत्याचा, म्हणजे नाव विचित्र निघालं तर लोक आधी माझ्याकडेच बघणार.

तर माझी रीत अशी की महिन्याच्या नावापाशी थांबायचं नाही, त्या महिन्याच्या आत शिरायचं. प्रत्येक महिन्याला एक नक्षत्र आहे, एक जुनं वैदिक नाव आहे, एक विष्णूचं नाव आहे, त्यातले सण आहेत, त्यातली फुलं आहेत, पाऊस किंवा थंडी आहे. एवढ्यातून काहीच मिळालं नाही असा महिना मला अजून भेटलेला नाही, भाद्रपद तर उलट सगळ्यात श्रीमंत निघतो, ते पुढे सांगते.

पण त्याच्याही आधी एक काम, महिना नक्की कुठला ते ठरवा. हसू नका, इथेच निम्मे लोक गंडतात. आपल्याकडे महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतात पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो पण वद्य पक्ष आला की ते आपल्या एक महिना पुढे. म्हणून तर गोकुळाष्टमी आपली श्रावण वद्य अष्टमीला आणि त्यांची तीच अष्टमी भाद्रपदातली, महाशिवरात्र आपली माघातली आणि त्यांची फाल्गुनातली, दिवस मात्र सेम. आता तुम्ही मोबाईलवर कुठलंतरी हिंदी अ‍ॅप उघडलंत आणि बाळ ३० जुलै ते १२ ऑगस्ट २०२६ च्या मधलं असलं तर अ‍ॅप म्हणणार सावन, तुम्ही खुश होऊन श्रावणी ठेवणार आणि घरातली आजी भिंतीवरचं कालनिर्णय काढून दाखवणार की अगं बाई हा आषाढ वद्य आहे, १२ तारखेला तर दिव्याची अवस आहे. दिव्याची अवस म्हणजे बाकीच्यांची गटारी, त्यामुळे बाबांच्या मित्रांकडून नावाच्या सूचना काय येतील ते सांगायला नको. तर दाते पंचांग घ्या, कालनिर्णय घ्या, पण महाराष्ट्रातलं घ्या.

दुसरी भानगड म्हणजे कॅलेंडरच्या चौकटीत जी तिथी छापलेली असते ती त्या दिवशीच्या सूर्योदयाची. बाळ रात्री साडेअकराला झालं असेल तर तोवर तिथी बदललेली असू शकते, आणि ती अमावास्या असेल तर महिनाच बदललेला असू शकतो. त्यासाठी तिथी किती वाजेपर्यंत आहे ते बारीक अक्षरातलं वाचायचं. आणि बारीक अक्षरं वाचायला बसलातच तर "भारतीय सौर" असं लिहिलेलं दिसलं तर ते सोडून द्या, ती सरकारी राष्ट्रीय दिनदर्शिका आहे, २२ मार्च १९५७ पासून सुरू झालेली, महिन्यांची नावं तीच चैत्र वैशाख पण चालते सूर्यावर, तिचा चैत्र दरवर्षी २२ मार्चला (लीप वर्षात २१ ला) लागतो, पाडवा असो नसो.

परदेशात बाळ झालं असेल तर अजून एक पायरी. न्यू जर्सीत संध्याकाळी सातला झालेलं बाळ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची पहाट असते, त्यामुळे तिथली वेळ भारताच्या वेळेत करून मगच इथल्या पंचांगात बघा, नाहीतर तिथल्या गावाचं पंचांग काढा, दोन्हीची खिचडी नको. सिडनी मेलबर्नवाल्यांनी तर ऋतूवरची नावं ठेवताना जरा थांबावं, तिकडे ऑगस्टमध्ये स्वेटर घालून बसलेले असतात आणि पोरीचं नाव वर्षा, ती मोठी झाल्यावर विचारणारच की आई पाऊस कुठेय.

आणि अधिक महिना! साधारण पावणेतीन वर्षांनी येतो, २०२३ ला अधिक श्रावण होता, २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे १७ मे ते १५ जून. या महिन्याला कुणी देव वाली नव्हता म्हणून विष्णूने आपलं नाव दिलं अशी कथा आहे, म्हणून तो पुरुषोत्तम मास. मुलगा झाला तर पुरुषोत्तम हे अगदी हक्काचं नाव, जुनं वाटतं खरं पण पुरू अशी हाक मारली की लगेच तरुण होतं. मुलीसाठी कुणी अधिका सुचवलं तर मात्र नको म्हणा, शाळेत गुणाकार भागाकारापर्यंत चेष्टा जाईल. मुलीसाठी सरळ निज महिन्यातलं, म्हणजे अधिकानंतर येणाऱ्या त्याच नावाच्या नेहमीच्या महिन्यातलं नाव घ्यावं. धोंड्याचा महिना म्हणून धोंडू असा विनोद प्रत्येक घरात एक काका करतोच, त्यांना वाण द्या आणि बसवा.

आता महिना ठरला. मग शोधायचं कुठे कुठे?

पहिली जागा नक्षत्र. आपल्या महिन्यांची नावं मुळात नक्षत्रांवरूनच पडलीत, पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास असतो त्याचं नाव महिन्याला. चित्रावरून चैत्र, विशाखावरून वैशाख, श्रवणावरून श्रावण, अश्विनीवरून आश्विन, कृत्तिकेवरून कार्तिक, मृगशीर्षावरून मार्गशीर्ष, पुष्यावरून पौष, मघावरून माघ, फाल्गुनीवरून फाल्गुन. गंमत बघा, महिन्याचं नाव जड वाटलं तरी नक्षत्राचं नाव हलकं असतं. वैशाखी कुणाला नको असेल तर विशाखा आहे, चैत्रा नको तर चित्रा आहे, कार्तिकी जुनं वाटलं तर कृत्तिका आहे. विशाखा तर बौद्ध घरांसाठी दुहेरी छान, वैशाख पौर्णिमा म्हणजे बुद्ध पौर्णिमा आणि विशाखा हे बुद्धांच्या सगळ्यात मोठ्या उपासिकेचं नाव, त्यामुळे त्या महिन्यातल्या मुलीला यापेक्षा नेमकं नाव मिळणं अवघड.

दुसरी जागा वैदिक नावं, आणि ही बहुतेकांना माहितीच नसतात त्यामुळे "युनिक" मागणाऱ्यांचं इथे काम होतं. चैत्र वैशाखाला मधु आणि माधव, ज्येष्ठ आषाढाला शुक्र आणि शुचि, श्रावण भाद्रपदाला नभ आणि नभस्य, आश्विन कार्तिकाला इष आणि ऊर्ज, मार्गशीर्ष पौषाला सह आणि सहस्य, माघ फाल्गुनाला तप आणि तपस्य. आता यात नावं किती लपलीत ते मोजा. चैत्रातली मधुरा, आषाढातली शुची, श्रावणातला नभ, कार्तिकातली ऊर्जा किंवा मुलगा असेल तर ऊर्जित, फाल्गुनातली तपस्या. ऊर्जा नाव लोक आजकाल ठेवतात ते एनर्जी म्हणून, कार्तिकाचं जुनं नाव ऊर्ज आहे हे सांगितलं की आजी पण गप्प आणि आई पण खुश. सहस्य नभस्य तेवढे सोडून द्या, ते पोराला पहिलीत लिहिता येणार नाहीत.

तिसरी जागा म्हणजे आपण संध्येत म्हणतो ती केशवाय नमः नारायणाय नमः वाली पहिली बारा नावं. ती एकेका महिन्याला वाटून दिलेली आहेत आणि सुरुवात होते मार्गशीर्षापासून, गीतेत भगवंत म्हणतात ना महिन्यांमध्ये मी मार्गशीर्ष, त्याला धरून. मार्गशीर्ष केशव, पौष नारायण, माघ माधव, फाल्गुन गोविंद, चैत्र विष्णू, वैशाख मधुसूदन, ज्येष्ठ त्रिविक्रम, आषाढ वामन, श्रावण श्रीधर, भाद्रपद हृषीकेश, आश्विन पद्मनाभ, कार्तिक दामोदर. हे वाचून कळेल की आपल्या पणजोबांच्या पिढीत हीच नावं का दिसतात. यातली केशव, माधव, श्रीधर, हृषीकेश आजही बिनधास्त ठेवावीत, दामोदर आणि मधुसूदन ठेवायचे तर हाक मारायचं नाव आधी ठरवून घ्यावं. आणि माधवचं भाग्य बघा, वैदिक यादीने वैशाखात आणि या यादीने माघात, दोन्ही महिन्यांत चालतं.

गुरुजींना बोलावून बारसं करणार असाल तर मासनाम म्हणून वेगळंच नाव ते सांगतील, त्याची अजून एक यादी आहे, कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री, वैकुंठ, जनार्दन, उपेंद्र अशी, आणि ती कुठल्या महिन्यापासून मोजायची यावर परंपरेप्रमाणे फरक पडतो. त्यांच्याशी वाद घालू नका. ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने ते चार नावं लिहायला लावतात, एक कुलदेवतेवरून, एक महिन्याचं, एक नक्षत्राचं आणि चौथं व्यवहारातलं. पहिली तीन ताटातच राहतात, जगाला कळतं ते चौथं. तुम्ही शोधताय ते हे चौथं.

इथेच अक्षराचा प्रश्न पण मिटवून टाकू, कारण महिन्यावरून नाव ठरलं की दुसऱ्या दिवशी कुणीतरी पत्रिका आणतं आणि म्हणतं अक्षर "ढा" आलंय. चरणाची अक्षरं ही जन्माच्या वेळी चंद्र कुठल्या नक्षत्राच्या कुठल्या भागात होता त्यावरून येतात, चंद्र महिनाभरात सगळी सत्तावीस नक्षत्रं फिरतो, त्यामुळे महिना आणि अक्षर जुळणं हा नशिबाचा भाग. चैत्राली मध्ये चै आहे, तो "चे" मध्ये धरतात, म्हणजे अश्विनीच्या दुसऱ्या चरणात जन्म हवा. माघी ला "मा" हवं, ते मघाच्या पहिल्या चरणात, तिथे महिना आणि अक्षर एकदम जमतं पण तो योग किती वेळा येणार. ढा आलं असेल तर पूर्वाषाढाचं चौथं चरण आहे, ढा वरून तुम्ही काय ठेवणार, ढाल्या? तर नक्षत्रनाम अक्षराप्रमाणे ताटात लिहा, पत्रिकेत ठेवा, हाक महिन्याच्या नावाने मारा. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जन्मनाव आणि चालू नाव वेगळं असतंच, त्यात शास्त्र मोडत नाही, आजीला हेच वाक्य सांगायचं.

आता अवघड महिने, ज्यासाठी तुम्ही इथवर वाचत आलात.

ज्येष्ठ. ज्येष्ठा हे नाव नक्षत्राचं असलं तरी मी ठेवू देत नाही. एक तर लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी, तिचंही नाव ज्येष्ठा, कुणीतरी ते बारशातच काढणार. आणि दुसरं, धाकटीचं नाव ज्येष्ठा ठेवलं तर मोठी आयुष्यभर भांडेल. पण या महिन्यात शोधायला किती आहे बघा. वटपौर्णिमा म्हणजे सावित्री, आणि सावित्री नाव परत ठेवायला लागलेत लोक, छानच झालं. शुद्ध दशमीला गंगा दशहरा, त्यातून जान्हवी, भागीरथी, आणि गंगा सुद्धा काय वाईट आहे. शुद्ध त्रयोदशीला महाराजांचा राज्याभिषेक, ६ जून १६७४ ला तीच तिथी होती, त्या आसपास मुलगा झाला तर शिवराज शिवाय दुसरं नाव घरातल्या पुरुषमंडळींना सुचणारच नाही आणि सुचू पण नये. शिवाय ७-८ जूनला मृग लागतो, पहिल्या पावसात मातीचा वास सुटतो, तेव्हा झालेल्या मुलीला मृण्मयी, मातीची. हे माझं सगळ्यात आवडतं आहे, पण जोडाक्षरामुळे शाळेत मृणमयी मृन्मयी असं काहीही लिहितील याची तयारी ठेवा.

भाद्रपद. नाव भाद्रपद ठेवता येत नाही, भाद्रपदी तर नाहीच नाही, आणि वर पितृपक्ष त्याच महिन्यात. शेजारच्या सुनेला मुलगी झाली ती नेमकी पितृपक्षात, सासूबाई म्हणाल्या नाव घटस्थापनेनंतर ठेवू आणि महिन्याचं तर काही नकोच. मी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू वळणं चाललं होतं, ओट्याशेजारी खिळ्याला कॅलेंडर होतं, ते उतरवून ओट्यावर ठेवलं आणि तुपाच्या बोटाने एकेक चौकट दाखवत गेले. तृतीया हरितालिका, इथे पार्वती, अपर्णा, शैलजा. चतुर्थी गणपती, इथे तर बोलायलाच नको, अथर्व, अमेय, हेरंब, ओंकार, मुलींत रिद्धी सिद्धी. पंचमी ऋषिपंचमी, सप्तर्षींबरोबर अरुंधतीची पूजा असते, अरुंधती! मग गौरी येतात, गौरी आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठावर आणि विसर्जन मूळावर, म्हणजे गौरी आहेच आणि अनुराधा फुकटात मिळाली. चतुर्दशीला अनंत. महिन्याचं विष्णूनाव हृषीकेश, त्याचा ऋषी किंवा हृषी आपोआप होतो. भद्र म्हणजे मुळात शुभ, त्यातून सुभद्रा. सासूबाईंनी लाडू वळायचे थांबवले आणि म्हणाल्या अनुराधा माझ्या आईचं नाव होतं. झालं ठरलं. घटस्थापनेनंतरच ठेवलं बारसं, पण नाव भाद्रपदाचं.

पौष. पौषात लग्न नाही मुंज नाही म्हणून लोक महिन्यालाच नावं ठेवतात, मुलाला ठेवायची सोडून. पुष्य नक्षत्र शुभ मानतात, गुरुपुष्याला सोन्याच्या दुकानात रांग लागते, तरी पुष्या नाव ठेवलंत तर त्याचं पुष्पा होणार हे लिहून ठेवा. मग काय? पौष म्हणजे सूर्य. पौषातल्या रविवारी सूर्याची पूजा करणारी घरं अजून आहेत, संक्रांत बहुतेक वेळा याच महिन्यात पडते, तिथून उत्तरायण धरतात. त्यावरून उत्तरा, अयन, अर्क, भास्कर, आदित्य. महिन्याचं विष्णूनाव नारायण, सूर्यनारायण म्हणून तेही बरोबर बसतं. उत्तरा मला फार आवडतं, अभिमन्यूची उत्तरा पण आणि संक्रांतीचं उत्तरायण पण. मकरंद ठेवायचं असेल तर जरूर ठेवा पण संक्रांतीची मकर त्यात नाहीये, तो फुलातला मध आहे, तो अर्थ सांगून ठेवा. पौर्णिमेला शाकंभरी, नाव म्हणून लांब आहे, पण कुलदेवी असेल तर मधलं नाव घरच्यांसाठी ठेवता येतं. आणि १२ जानेवारीला जिजाऊंची जयंती, बऱ्याचदा पौषातच येते, जिजा हे दोन अक्षरांचं नाव इतकं सुंदर आणि सोपं आहे की मॉडर्न-मॉडर्न म्हणणाऱ्यांनी अजून काय शोधायचं.

आषाढ अवघड नाही पण लोक त्याला अवघड करतात. आषाढी एकादशी आहे, वारी आहे, विठ्ठल पांडुरंग रखुमाई आहेत, थेट ठेवायला संकोच वाटला तर नद्यांकडे वळा, इंद्रायणी आहे, नीरा आहे, भीमा आहे. नीरा तर अगदी आजच्या काळातलं वाटतं आणि वारीत माउलींच्या पादुकांना नीरास्नान असतंच. शिवाय मेघ, मेघना, आर्द्रा ही पावसाची नावं.

श्रावणाचं उलटं दुखणं, नावं नाहीत असं नाही तर एकच नाव सगळ्यांना. एकेका वर्गात श्रावणी के, श्रावणी पी, श्रावणी एस असतात. मुलासाठी श्रावण ठेवलंत तर श्रावणबाळ हे ऐकायची सवय करून घ्या, त्या नावाची वृद्धांच्या पेन्शनची सरकारी योजना पण आहे त्यामुळे विनोदाला दोन बाजूंनी सोय. त्यापेक्षा प्राजक्ता घ्या, श्रावणापासून फुलायला लागतो, मंगळागौरीवरून गौरी मंगला घ्या, नाहीतर नभ, श्रीधर, कान्हा.

बाकीचे महिने भराभर सांगते. चैत्रात राम आहे, चैत्रगौर आहे, चित्रा आहे. वैशाखात अक्षय तृतीयेवरून अक्षय, अक्षया. आश्विनात अश्विन, अश्विनी, शारदा, आणि कोजागरीला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळायची पद्धत आहे, तेव्हा पहिलं बाळ असेल तर हा महिना त्याचा हक्काचाच. कार्तिकात तुळशीचं लग्न, त्यावरून वृंदा, तुलसी, आणि कार्तिकी, आळंदीची गायिका कार्तिकी गायकवाड हिच्यामुळे हे नाव तर घराघरात पोचलंय. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती, दत्तात्रेयांची शक्ती अनघा, म्हणून अनघा. माघात गणेश जयंती, वसंत पंचमी, रथसप्तमी, शिवरात्र, एवढं सगळं एका महिन्यात, शारदा वाणी शिवानी काहीही घ्या. फाल्गुनात फाल्गुनी, आणि मुलगा असेल तर अर्जुन, अर्जुनाच्या दहा नावांत फाल्गुन हे एक आहे, उत्तरा फाल्गुनीवर जन्मला म्हणून. पळस पण तेव्हाच पेटतो, त्यावरून पलाश.

ऋतूंची नावं पण विसरू नका, वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर, यातली पाच तर आपल्याकडे सरसकट माणसांची नावं आहेत. वसंत आणि शरद म्हटलं की आता डोळ्यासमोर काका येतात, पण शिशिर अजूनही ताजं आहे, आणि ग्रीष्मा मुलीला छान दिसतं.

मुसलमान घरांत रमजान, रज्जब, शाबान ही महिन्यांचीच नावं माणसांना ठेवतात, त्यामुळे महिन्यावरून नाव ही काही फक्त पंचांगवाल्यांची मक्तेदारी नाही. इंग्रजी महिन्यांवरून ठेवायचं म्हणाल तर बाहेरच्या देशांत मे, जून, एप्रिल असतात मुलींची नावं. आपल्याकडे जून ठेवाल तर भाजीवाली म्हणेल भेंडी आहे का. मे ला तर पहिलीतली पोरं शेळी करून टाकतील. ऑगस्टमध्ये मुलगा झाला आणि परदेशातल्यांना पण जमेल असं हवं असेल तर अगस्त्य बघा, अर्थाने काही संबंध नाही पण कानाला जवळचा, आणि अगस्तीचा ताराही पावसाळ्याच्या शेवटीच आपल्याकडे दिसायला लागतो.

नाव दोन-तीनांवर आलं की मग तोंडाची परीक्षा. पहिली, खिडकीतून हाक मारून बघा, मोठ्याने, "ऊर्जाSS जेवायला ये". दुसरी, त्याचं वाईटात वाईट काय होईल ते आधीच काढा, फाल्गुनीचं फालतू, माघीचं महागी, नभचं नळ. एवढं होऊनही आवडत असेल तर ठेवा. तिसरी, पूर्ण नाव म्हणून बघा, आणि आता पूर्ण नाव लांब झालंय कारण महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं सरकारी कागदावर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव. मृण्मयी अरुंधती पुरुषोत्तम असं झालं आणि पुढे आडनावही भरभक्कम असलं तर फॉर्मवरच्या चौकटी संपतात. आईबाबांची नावं मोठी असतील तर बाळाचं लहान घ्या, नीरा, जिजा, नभ.

चौथी परीक्षा इंग्रजी स्पेलिंगची आणि हिच्यावर लोक सगळ्यात कमी वेळ देतात. फाल्गुनी एफ ने की पी-एच ने, श्रावणीत ए किती, ऊर्जा यू ने की डबल ओ ने, चैत्राली परदेशात चेट्राली होणार की नाही. घरातल्या सगळ्यांनी एकेका कागदावर आपापलं स्पेलिंग लिहून बघा, वेगवेगळी निघतात. त्यातलं एक पक्कं करा आणि न्यूमरॉलॉजीवाला एक ए वाढवा म्हणाला तर तो ए जन्मदाखल्याच्या आधीच वाढवा, नंतर नाही.

कारण दाखला. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, ती हॉस्पिटल करतंच बहुतेक, पण तेव्हा नावाची जागा रिकामी ठेवली तरी चालते. घाईघाईत बेबी ऑफ अमुक च्या जागी काहीतरी टाकून देऊ नका. १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून, म्हणजे बारसं उशिरा केलं तरी काही अडत नाही. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा प्रवेश, पासपोर्ट, मतदार यादी सगळ्याला जन्मदाखलाच लागतो, त्यामुळे त्यावर जे छापलं ते छापलं. नोंदणीच्या खिडकीवर तोंडी नाव सांगू नका, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद द्या, क्लार्कने टाइप केलं की स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा आणि ऱ्हस्व दीर्घ सकट वाचा, विशेषतः कृत्तिका असेल तर दोन त आलेत का ते बघा, आणि मगच हो म्हणा.